आधी लिहा: क्ष म्हणजे काय?



प्रशिक्षणात फळ्यावर ‘क्ष’ लिहिला की निम्मी माणसं हसतात. "सर, दहावीत याच्यामुळंच गाडी अडली होती, परत कशाला?" आज त्याचंच उत्तर देतो. माझं मत स्पष्ट आहे: दुकानदाराला समीकरण सोडवता नाही आलं तरी चालेल, पण मांडता आलंच पाहिजे. सोडवायला मोबाईल आहे. मांडून द्यायला कुणी येत नाही.

आधी माझीच चूक सांगतो. बीबीए करून वालूरमध्ये दुकान टाकलं. खरेदीवर २० टक्के चढवून माल विकायचो आणि समजायचो, गल्ल्यात आलेल्या शंभरातले वीस आपले. वर्षाची विक्री झाली ६ लाख. म्हणजे १ लाख २० हजार सुटायला पाहिजेत. हिशोब केला तर १ लाखच! वीस हजार गेले कुठं? मला गल्ल्यावरच्या पोराचा संशय आला. बोललो नाही, पण नजर बदलली आणि ती त्याला कळली. एका रात्री वही घेऊन बसलो. खरेदी क्ष धरली. क्ष अधिक क्षचे २० टक्के बरोबर ६ लाख. म्हणजे १.२० क्ष = ६,००,०००. क्ष आला ५ लाख. नफा १ लाखच होता. चोरी झालीच नव्हती. टक्के खरेदीवरचे होते आणि मी ते विक्रीवर मोजत होतो. दुसऱ्या दिवशी त्या पोराला चहा पाजला, पण डोळ्याला डोळा देताना जड गेलं.

हीच चूक वेगळ्या रूपात रोज दिसते. बचत गटातल्या एका ताईचं उदाहरण घ्या. पापडाचा खर्च किलोला १६० रुपये, मेहनतीचे हवेत ४०. दुकानदार छापील किमतीच्या २० टक्के घेणार. ताईंनी २०० वर २० टक्के चढवून किंमत छापली २४०. बरोबर वाटतं ना? आता बघा. दुकानदार २४० चे २० टक्के, म्हणजे ४८ रुपये कापतो. हातात येतात १९२. चाळीस ऐवजी बत्तीस! मेहनतीचा पाचवा हिस्सा गेला आणि कुणी फसवलंही नाही.

आता मांडून बघू. छापील किंमत = क्ष. क्ष − ०.२० क्ष = २००. म्हणजे ०.८० क्ष = २००, क्ष = २५०. ताळा करा: २५० चे २० टक्के ५०, उरले २००. जमलं.

काही जुने व्यापारी म्हणतात, "आमचा हिशोब तोंडी, क्ष-बिक्ष नको." त्यांचं मी खोटं म्हणणार नाही. खर्चावरून किंमत काढायची तर तोंडी हिशोब झकास चालतो. पण ज्याचे टक्के काढायचे तीच रक्कम माहीत नसेल, तिथं तोंडी हिशोब घसरतो. मग हाताशी असलेल्या आकड्याचेच टक्के काढले जातात. ताईंचं तेच झालं.

आणि हे गणित परकं नाही हो. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० ला सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातल्या बीजगणितात एक कोडं आहे. एकाकडे ३०० नाणी आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत किती? ६ क्ष + ३०० = १० क्ष − १००. क्ष = १००. दोघांकडे ९००-९००. रोकड, माल आणि उधारी एकाच ओळीत! हा तर आपला ताळेबंदच झाला. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणायचे, पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. आणि तेच सांगतात की खरं बीज म्हणजे बुद्धी, अक्षरं नव्हेत. पुढं त्यांचा नातू चांगदेव याच्या मठासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला दान दिलं गेलं. तिथल्या शिलालेखात बाजारातून, तेलाच्या घाण्यांकडून मठाला काय द्यायचं, तेही कोरलंय. गणित शिकायला हातभार बाजारानं लावला होता, मंडळी.

शाळेत पोरं दहावीला ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सोडवतात. वजाबाकी चुकत नाही. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र पेन थांबतं, कारण आम्ही त्यांना सोडवायची सवय लावली, वाचायची नाही. माझं म्हणणं आहे, पोराला संध्याकाळी तासभर दुकानात बसवा. उत्तर विचारू नका, एवढंच विचारा: आपल्याला काय माहीत नाही? ते कशाच्या बरोबर आहे?

तुम्हीही आज एक काम करा. दुकानातली सगळ्यात जास्त खपणारी वस्तू घ्या. वहीत पहिली ओळ लिहा: "क्ष म्हणजे विक्रीची किंमत." मग अट लिहा, मग सोडवा, शेवटी ताळा करा. कमी पडलेले पैसे आधी वहीत शोधा, माणसात नंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण मांडून करा!