लॅपटॉप घेण्यापूर्वी

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मित्राने लॅपटॉप घेतला. वडिलांनी सोयाबीनचे पैसे राखून ठेवले होते, उरलेले पतपेढीतून काढले आणि ६५ हजारांची वस्तू घरात आली. दुकानदाराने सांगितले, "हा गेमिंगचा आहे, पाच वर्षे बघायला नको!" आज माझा मित्र त्यावर मराठीच्या टाचणांखेरीज काही लिहीत नाही. अडीच किलोंचे ते ओझे एस.टी.तून आणवत नाही, आणि दोन तासांत बॅटरी मान टाकते. हप्ते मात्र चालू आहेत.

दोष कोणाचा? मुलाचा नाही, बापाचा तर नाहीच. आपल्याला नेमके काय हवे, हे आपण कधी एकमेकांना सांगितलेच नाही.

मित्रहो, कला शाखेचे काम ते काय? वाचणे, लिहिणे, शोधणे. त्याला खेळासाठी बनविलेले महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. लागते ते एवढेच : ८ जीबी रॅम, आणि ती पुढे वाढविता येईल अशी सोय; फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, कारण यंत्राचा रेंगाळेपणा बहुधा त्या जुन्या डिस्कमुळेच असतो; वजन दीड किलोच्या आसपास; आणि दिवसभराच्या तासिका निभावून नेणारी बॅटरी. दुकानात उभे राहून कळफलकावर दोन परिच्छेद लिहून पाहावेत. चपला आपण पायात घालून घेतो. मग ही वस्तू खोक्यावरील आकडे वाचून का घ्यावी?

जुना लॅपटॉप घेण्यातही कमीपणा नाही. फक्त डोळे उघडे हवेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. त्याहून जुने यंत्र स्वस्त मिळाले तर त्यावर लिनक्स घालावे. ते आणि लिबरऑफिस दोन्ही विनामूल्य आहेत.

आणि मराठीचे काय? त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये असतोच : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसले की हात वळतो. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला निबंध दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हांचा ढीग होतो; युनिकोडमध्ये लिहिलेला तसाच राहतो. दहा हजार जास्त मोजण्यापेक्षा हा सराव अधिक मोलाचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, मोबाइलवर भागते की! चाळीस पानांचा प्रकल्प, तळटिपांसह, अंगठ्याने लिहून पाहावा; मग बोलू.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. ग्रंथालयातून पुस्तके घरी मिळतात, तसे चार-पाच लॅपटॉप आठवड्याच्या बोलीवर का मिळू नयेत? आणि प्रवेशाच्या दिवसांत "काय घ्यावे" हे सांगणारा एक फलक का लागू नये? माझ्या मित्राची धाकटी बहीण येत्या जूनमध्ये याच महाविद्यालयात येणार आहे. तिच्यासाठी घरात आता पैसे उरलेले नाहीत.