बोलून राहिलो ना!

“बोलून राहिलो ना मॅडम, दिसत नाही का?” नागपूरच्या शंकरनगर चौकात हॉर्न वाजवला की हे ऐकून घ्यावं लागतं. दिवा हिरवा होऊन गेलेला, मागे गाड्यांची रांग लागलेली, आणि पुढचे महाशय हेल्मेटच्या आत मोबाईल कोंबून संध्याकाळी मटण आणायचं की पनीर याची वाटाघाट करताहेत. दिसतं ना दादा, सगळं दिसतं. तुम्हाला दिसत नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि हातात मोबाईल धरून गाडी चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरलं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद, नाहीतर एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमांत फक्त रस्ता शोधण्यापुरती सूट मिळाली. झालं! तेव्हापासून शिपायानं हात दाखवला की जो तो “मॅप बघत होतो” म्हणतो. जन्म महालात, शाळा धरमपेठेत, नोकरी सदरला, आणि हे गृहस्थ सीताबर्डीला कसं जायचं ते गूगलला विचारत होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2021 मध्ये देशात मोबाईल वापरत गाडी चालवल्यामुळे 1,997 अपघात झाले आणि 1,040 माणसं मेली. (मंत्री आमच्याच गावचे आहेत, तेव्हा अहवाल तरी नागपूरकरांनी वाचायला हरकत नव्हती.) आणि हे फक्त कागदावर आलेले. धडक झाल्यावर मोबाईल खिशात जायला वेळ किती लागतो? “हो साहेब, मी रील बघत होतो” असा जबाब कोण लिहून देतो?

थोडे शहाणे असतात, ते कानात यंत्र घालून फिरतात आणि स्वतःला सुरक्षित समजतात. टोरोंटोच्या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या 699 मोबाईलधारक चालकांचा अभ्यास 1997 सालीच छापला. बोलत असताना धडकेचा धोका चौपट, आणि हात मोकळे ठेवून बोलल्यानं काहीही फायदा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण हँडल हातात असून भागत नाही, डोकंही जागेवर लागतं. ताशी चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. “निघालो, पोचतो” एवढं टाइप करायला पाच सेकंद लागत असतील तर 55 मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. वर्धा रोडवर तेवढ्या अंतरात शाळा सुटलेली दोन पोरं, एक म्हातारी आणि एक गाय सहज असते.

याच नागपुरात 2021 साली ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, सीएसआयआरची रस्ते संशोधन संस्था, महापालिका अशी मोठी मंडळी त्यात. शहर बसला कॅमेरे लावले. समोर गाडी किंवा माणूस फार जवळ आला की यंत्र ड्रायव्हरला सावध करतं. कल्पना उत्तम. म्हणजे बसमधलं यंत्र डोळ्यांत तेल घालून रस्त्याकडे बघतंय, आणि बससमोर जो माणूस आहे तो हातातल्या यंत्राकडे.

जानेवारी 2023 मध्ये हिंगण्याकडे डोंगरगावजवळ एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी रेल्वे रूळ ओलांडताना गाडीखाली गेली. कानात इअरफोन होते. तिला मी नावं ठेवणार नाही, त्या वयात गाणं भोंग्यापेक्षा गोड लागतंच. पण 9 जुलै 2017 च्या रविवारी अमरावती रोडवरच्या वेणा जलाशयात जे झालं, त्यानंतर आपण काय केलं ते बघा. नावेत 11 जण होते, फेसबुक लाइव्ह सुरू होतं, नाव उलटली, तिघे वाचले. पुढचे काही दिवस अख्खं गाव तो शेवटचा व्हिडिओ एकमेकांना पाठवत होतं. खाली हात जोडलेली चिन्हं, दोन रडके चेहरे. मेलेल्या पोरांच्या आईबापांपर्यंत तो किती वेळा पोचला असेल याचा विचार करायला कोणी अंगठा थांबवला नाही.

माझं म्हणणं असं की रस्त्यावरचा अपघात आणि घरातला उर्मटपणा या वेगळ्या गोष्टी नाहीत. समोरचा माणूस जमेतच धरायचा नाही, ही सवय आधी दिवाणखान्यात लागते आणि मग तीच गाडीवर बसते. पाहुणे येतात, पोह्यांवर तर्री ओतून घेतात, आणि “तुम्ही बोला, मी ऐकून राहिलो” म्हणत मान खाली घालतात. कोण ऐकून राहिलं आहे? मेट्रोत बाजूची बाई इअरफोनशिवाय मालिका बघते. डब्यातल्या सगळ्यांना सासूचं कारस्थान कळतं. अंबाझरी घाटावर चिता रचत असताना खिशातून लावणी वाजते, आणि तो भला माणूस ती बंद न करता चार पावलं बाजूला जाऊन म्हणतो, “बोल, मयतीत आहो.” अरे, मग तिथेच राहा ना थोडा वेळ!

फेब्रुवारी 2019 मध्ये 99 वं मराठी नाट्यसंमेलन नागपुरात भरलं. रेशीमबागेत केवढी गर्दी! त्याच वर्षी जुलैमध्ये सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या मोबाईलना वैतागून, असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच थांबवतो, असं जाहीर लिहिलं. सुमीत राघवन यांना नाशिकला प्रयोग मध्येच थांबवावा लागला. आणि आम्ही? मुंबईची नाटकं नागपूरला येत नाहीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षं गळा काढतो. आली की वसंतराव देशपांडे सभागृहात तिसऱ्या घंटेनंतर चौथी घंटा आमच्या खिशात वाजते.

पूर्वी लोक सभ्य होते, असं म्हणायला मी तयार नाही. 31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. माणूस तीन वाक्यांत बोलणं उरकायचा. एसटीडीच्या बूथमध्ये तर डोळे लाल आकड्यांवर खिळलेले असायचे. ती सभ्यता नव्हती, कंजूषपणा होता. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि आमचे खरे संस्कार बाहेर पडले.

“कामाचा फोन असतो हो!” असं उत्तर ठरलेलं आहे. मेडिकलमध्ये रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरचा फोन वाजलाच पाहिजे, अग्निशमनच्या जवानाचाही. बाकीच्यांनी स्वतःला विचारावं की आपण अर्धा तास सापडलो नाही तर नागपुरात नेमकं काय बंद पडतं. संत्र्यांचा लिलाव होतो, झुणका-भाकर मिळते, अधिवेशनही भरतं.

गाडीवर बोलणाऱ्याला सुधारण्याची आशा मी सोडली आहे. त्याला दंड भरू द्या. मला बोलायचंय ते पलीकडच्या टोकाशी, कारण त्या संभाषणात एक जण घरात किंवा ऑफिसात पंख्याखाली निवांत बसलेला असतो आणि त्याचा अपराध कोणत्याच कलमात बसत नाही. “पोचला का?” म्हणून दर दहा मिनिटांनी विचारणारी आई. “फोन का नाही उचलला?” म्हणून दुसऱ्या दिवशी झापणारा साहेब. नवरा निघाल्यानंतर भाजीची यादी सांगणारी बायको, आणि बायको गाडी चालवत असताना स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते विचारणारा नवरा. यातलं कोणीतरी हा लेख वाचत असेलच. पलीकडून हॉर्न ऐकू आला की अर्धं वाक्य तसंच सोडा आणि फोन तुम्ही ठेवा. तो ठेवणार नाही.