पहाटे साडेपाचचे गडी

ऑगस्ट सरत आला की वर्षातून एका सोमवारी मी पहाटे पाचला उठतो, चहा करून घेतो आणि लॅपटॉप उघडून बसतो. आमच्या इंदूरच्या घरात याची आता सवय झाली आहे. पहिल्या वर्षी मात्र आई दारात येऊन उभी राहिली होती. "सकाळी सकाळी कसला लिलाव चाललाय?" असं तिने विचारलं.

लिलाव नाही, ड्राफ्ट. अमेरिकन फुटबॉलचा. म्हणजे पायाने खेळायचा तो नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो. मी ओहायोत कोलंबसला नोकरीला होतो, तेव्हा आम्ही दहा मित्रांनी फँटसी लीग सुरू केली. मी परत आलो, दोघं कॅलिफोर्नियात गेले, एक टेक्सासला, पण लीग टिकली. तिकडे रविवारचे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा इथे सोमवारची पहाट झालेली असते.

तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर क्रिकेटचे संघ लावतच असतील. तिथे कोहली तुमच्याही संघात असतो आणि शेजाऱ्याच्याही. इथे तसं नसतं. एक खेळाडू एकाच्याच मालकीचा, वर्षभर. त्यामुळे निवडीला धार येते. गल्लीत गडी वाटून घ्यायचो ना, तसंच. फक्त दुसऱ्या फेरीत क्रम उलटा फिरतो: पहिल्या फेरीत ज्याचा दहावा नंबर, तो दुसरीत पहिला. अशा पंधरा फेऱ्या, म्हणजे दीडशे गडी. प्रत्येक निवडीला मिनिटभर वेळ मिळतो. मग सप्टेंबरपासून ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्याला. धावत दहा यार्ड नेले की एक गुण, टचडाउन केला की सहा.

हे खूळ जुनं आहे बरं का, इंटरनेटच्याही आधीचं. 1962 साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मित्रांसोबत बसून याचे नियम केले, आणि 1963 मध्ये त्यांच्या घरी पहिला ड्राफ्ट झाला. पहिला नंबर ज्यांचा होता त्यांनी जिम ब्राउनसारखा धावपटू सोडून जॉर्ज ब्लँडाला घेतलं. ब्राउन त्या वर्षी 1863 यार्ड धावला. पहिल्या नंबराचं काही खरं नसतं, हे साठ वर्षांपूर्वीच ठरून गेलं म्हणायचं.

2024 मध्ये चिठ्ठीत पहिला नंबर मला आला. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीला घेतलं. आदल्या हंगामात त्याने 21 टचडाउन केले होते, मग विचार कसला करायचा? पोटरी दुखत असल्याने तो सरावाला येत नाहीये, अशा बातम्या होत्या. मी त्या वाचल्या आणि सोडून दिल्या. प्रॉडक्शनमधले वॉर्निंग लॉग आपण जसे वाचतो तसंच.

त्या पहाटे आमचा बेळगावकर आलाच नाही. त्याचं नाव आम्ही कुणीच घेत नाही, तो बेळगावकरच. गडी हजर नसला की संगणक आपल्या यादीतून वरचा खेळाडू उचलून त्याच्या नावावर टाकतो. संगणकाने त्याला असा संघ काढून दिला की त्यातल्या पाच जणांची सुट्टी एकाच आठवड्यात होती. आम्ही पोट धरून हसलो. ग्रुपवर त्याच्या संघाचं नाव 'सरकारी कार्यालय' ठेवलं. त्याने अंगठासुद्धा दिला नाही. त्यावरही एक विनोद झाला, आणि तो मीच केला होता.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी पहाटे साडेचारला फोन वाजला. तिकडे सोमवार रात्रीचा सामना सुरू व्हायला तासभर होता. बेळगावकराचा मेसेज : "मॅकॅफ्री आज बसलाय की रे. त्याच्या जागी मेसन धावणार. अजून कुणी घेतला नाही, उचल लवकर."

मी झोपेतच जॉर्डन मेसनला उचललं, मॅकॅफ्रीला बाकावर बसवलं. मग लक्षात आलं की त्या आठवड्यात माझा सामना बेळगावकराशीच आहे. गप्प बसला असता तर आरामात जिंकला असता. मी लिहिलं, "गाढवा, स्वतः नाही का घ्यायचास? आणि तिकडे ऑफिस सुटलं नाही का अजून?"

"तिकडे कुठला? बेळगावात आहे मी."

मी फोन लावला. ड्राफ्टच्या वेळी तो विमानात होता. बाबांना मेंदूचा झटका आला होता, डावी बाजू गेली होती. तेरा रात्री तो दवाखान्याच्या बाकावर काढत होता. दिवसा बहीण, रात्री हा. "कुणाला कळवलं का नाहीस?" म्हटलं, तर म्हणाला, "ग्रुपवर तुम्ही एवढे हसत होता, मध्येच काय सांगू?" यावर मला काही बोलता आलं नाही. फोन आम्ही ठेवला नाही. इंदूरहून बेळगाव गाठायला अमेरिकेएवढा वेळ लागत नाही, आणि तरी लीगबाहेर आम्ही दोन वर्षांत बोललो नव्हतो.

सामना आम्ही फोनवरच पाहिला, म्हणजे आकडे बघत बसलो. मेसन 147 यार्ड धावला, वर एक टचडाउन. दवाखान्यातला बाक आणि इकडे आमच्या गॅलरीतला मी, दोघं हळू आवाजात ओरडत होतो. तिकडून नर्स त्याला रागावल्याचं मला ऐकू आलं. मी सहा गुणांनी जिंकलो.

मॅकॅफ्री त्या हंगामात चारच सामने खेळला. बेळगावकराचे बाबा दिवाळीपर्यंत काठी घेऊन चालायला लागले. आता बोलतात, पण सावकाश.

2025 च्या ड्राफ्टला घड्याळ सुरू झालं आणि बेळगावकर पुन्हा दिसेना. तो ओहायोत परतला होता. ग्रुपवर कुणीतरी हसण्याची खूण टाकली. मी तोवर फोन लावलेला होता. चार रिंगनंतर उचलला.

"काय झालं रे?"

"भांडी घासतोय की. माझा सातवा नंबर आहे, कशाला ओरडतोस?"