बेटे तीच, नावे आणि जिल्हे निराळे

दक्षिण चीन समुद्रातील पॅरासेल बेटांना चीन शिशा म्हणतो, व्हिएतनाम होआंग सा. हा वाद केवळ नावांचा नाही. सार्वभौमत्वाचा पुरावा म्हणून प्रशासकीय दप्तर उभे करण्याची ही चढाओढ आहे. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला हुसकावून चीनने संपूर्ण बेटसमूह ताब्यात घेतला. जुलै २०१२ मध्ये तेथे सान्शा ‘शहर’ स्थापन झाले आणि २०२० मध्ये त्याचे दोन जिल्हे पाडण्यात आले. व्हिएतनामनेही दा नांगच्या अखत्यारीत होआंग सा जिल्हा कागदोपत्री जिवंत ठेवला. २०२५ मध्ये देशभरातील जिल्हेच रद्द झाले, तेव्हा त्याला ‘विशेष क्षेत्र’ ठरविले. त्याचा एकही कारकून तेथे पाय ठेवू शकत नाही, हा भाग वेगळा. झळ पोहोचते ती मच्छीमारांना. चीनने या पाण्यात लादलेली उन्हाळी मासेमारीबंदी व्हिएतनाम मानत नाही.