आधी आई शोधा!

“काकू, लवकर या, बदकाचं पिल्लू सापडलं!”

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून जरा आडवी होत होते, तेवढ्यात शेजारचा सातवीतला मुलगा दारात. हातात शाळेचा डबा, डब्यात गवत आणि गवतात मुठीएवढं, थरथरणारं पिल्लू. त्याचं ‘चिक् चिक्’ काही थांबत नव्हतं. पाच मिनिटांत गल्लीतल्या चार-पाच जणी गोळा झाल्या. एक म्हणाली, कापसानं दूध पाजा. दुसरी म्हणाली, बादलीत सोडा, बदकाला पाणीच लागतं. तिसरीनं तर मुलाला सांगून टाकलं, “आता पाळच तू, छान खेळायला होईल!”

मैत्रिणींनो, यातल्या कुणालाही नावं ठेवायचा मला अधिकार नाही. कारण दहा-बारा वर्षांपूर्वी मी स्वतः नेमकं हेच केलं होतं. दूध पाजलं, बादलीत सोडलं, मुलं टाळ्या पिटत होती. सकाळी खोक्यात पिल्लू ताठ होऊन पडलेलं. माझी धाकटी दोन दिवस नीट जेवली नाही. पुढे एका पशुवैद्यांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं, की पिल्लू आजारानं नव्हे, आमच्या मायेनं गेलं. पक्ष्यांना दूध पचत नाही. आणि बदकाचं असलं तरी पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. ती भिजली की आईच्या पंखाखालीच सुकते. आई नसताना बादलीत सोडलं, की ते गारठतं.

म्हणून या वेळी सगळ्यांना म्हटलं, “थांबा, आधी हे कोण आहे ते तर बघू!”

ओळखायला पाय बघावेत. बोटांमध्ये सलग पडदा आणि चोच चपटी असेल तर ते बदक. पिल्लू काळंभोर, पाय लांब आणि बोटं सुटी असतील तर ती बहुधा पाणकोंबडी. बोटांना पडद्याऐवजी सुट्या झालरी आणि डोक्यावर पट्टे असतील तर टिबुकली. बदकच असेल, तर रंग बघा. अंगभर पिवळंधमक आणि चोचही पिवळट असेल तर ते पाळीव. आसपास कुणाचं हरवलंय का, विचारावं. वरून गडद तपकिरी, पाठीवर पिवळे ठिपके, खालून पिवळसर आणि डोळ्यातून जाणारी काळी रेघ असेल, तर ते रानातलं असण्याची शक्यता जास्त. काही पाळीव जातींची पिल्लंही तपकिरी असतात, त्यामुळे शंका असेल तर रानातलंच समजावं.

आमचं पिल्लू होतं हळदी-कुंकू बदकाचं. किती गोड नाव आहे ना! मोठ्या पक्ष्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा रंग आणि कपाळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके असतात. पिल्लाला हे कुंकू नसतं, ते वाढल्यावर येतं. हे बदक परदेशातून येणारं पाहुणं नाही, आपलंच आहे. आपल्या तळ्यांवर बारा महिने राहतं, पावसाळ्यात काठच्या गवतात अंडी घालतं. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच आईमागे चालू लागतात, स्वतः टिपून खातात. आईनं त्यांना भरवायचं नसतं, पण ऊब, राखण आणि वाट दाखवणं तिच्याकडेच.

आणि इथंच माझा मुद्दा आहे. जत्रेत हरवलेलं मूल सापडलं, तर आपण त्याला घरी नेऊन नवे कपडे घालतो का? नाही. आधी त्याची आई शोधतो. मग पाखराच्या बाबतीत ‘सापडलं म्हणजे आपलं’ असं का वाटतं? माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, असं आपल्या आजीपासून सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं नाही. तेव्हा दोष लागेल म्हणून घाबरू नका, पिल्लू परत न्या.

आम्हीही नेलं. मुलानं ज्या पायरीपाशी ते उचललं होतं, तिथंच तळ्यावर गेलो. कुत्री हाकलली, मुलांना गप्प बसवलं आणि डबा काठावर ठेवून लांब जाऊन बसलो. पाऊण तास गेला. मग पलीकडच्या गवतातून एक मादी बाहेर आली, मागे सहा पिल्लं. आमच्या डब्यातलं एकदम जोरात ओरडायला लागलं. मी डबा हलकेच आडवा केला आणि मागे सरले. पिल्लू धडपडत पाण्यात शिरलं आणि सातवं होऊन रांगेत लागलं. एरवी वर्गात गडबड करणारा तो मुलगा किती तरी वेळ एक शब्द बोलला नाही.

प्रत्येक वेळी आई सापडेलच असं नाही. तेव्हा वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मदत येईपर्यंत उंच खोक्यात जुना टॉवेल अंथरा; कागदावर पाय घसरून अधू होतात. खोक्याच्या एका कोपऱ्यावर साधा बल्ब लावा, म्हणजे गरम वाटलं तर पिल्लाला बाजूला होता येईल. पाणी उथळ ताटलीत द्या, चोच बुडेल एवढंच. ड्रॉपरनं तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक, बारीक चिरलेली कोवळी भाजी चालते. पाव, दूध, शेव-चिवडा अजिबात नको. आणि हात साबणानं धुवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला होता, ते आपण विसरलो नाही. मेलेल्या पक्ष्याला तर हातच लावू नये.

पाळायचं मात्र मनातही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातल्या पक्ष्याला घरात ठेवणं गुन्हा आहे. शिवाय पिल्लू पहिल्या दिवसांत ज्याच्यामागे चालतं त्यालाच आई मानतं. माणसाला आई मानलेलं बदक पुढे ना घरचं राहतं, ना तळ्याचं.

पण खरं सांगू? ते पिल्लू हरवलं का, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना. आमच्या तळ्याचं ‘सुशोभीकरण’ झालंय. तीन बाजूंनी दगडी उभी भिंत, रंगीत दिवे, गवत साफ. पाण्यातून वर चढायला उतारच नाही! पिल्लू पायरीवर कसंबसं चढलं आणि मागे राहिलं. चौथ्या बाजूला थोडं गवत उरलंय, म्हणून ती मादी अजून आहे.

आमच्या बचत गटातल्या बावीस जणींनी सह्या करून नगरपालिकेला अर्ज दिला आहे: चौथी बाजू बांधू नका, बाकीच्या बाजूंना निदान एकेक उतार ठेवा आणि पावसाळ्यात काठचं गवत कापू नका. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.

तुमच्या गावातही तळं असेलच. एकदा संध्याकाळी काठाने चक्कर मारा आणि बघा, मुठीएवढ्या पिल्लाला तिथून वर येता येईल का? येत नसेल, तर डब्यातून किती पिल्लं वाचवणार आपण?