बारापर्यंत मोजणारी सुईण

परवा एका मोठ्या शहरातील कचेरीची जाहिरात वाचली आणि ती वाचून आलेला संताप आठवडा उलटत आला तरी ओसरलेला नाही. आरोग्याच्या माहितीचे संगणकीकरण करणाऱ्या विभागाच्या प्रमुखपदासाठी अर्ज मागविणारी ती जाहिरात होती. अभियांत्रिकीची अथवा व्यवस्थापनाची उच्च पदवी, मोठ्या रकमेचे प्रकल्प चालविल्याचा अनुभव, शासकीय व्यवहाराची माहिती, इंग्रजीवर प्रभुत्व, अशा अर्हतांची लांबलचक यादी तीत दिली होती. परंतु उमेदवाराने आयुष्यात कधीतरी प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्ष-दोन वर्षे काढलेली असावीत, उपकेंद्राची नोंदवही स्वतःच्या हाताने भरलेली असावी, निदानपक्षी ती भरणाऱ्या आरोग्यसेविकेजवळ बसून काही शिकलेले असावे, अशी अट त्या यादीत शोधूनही सापडली नाही.

माझे म्हणणे या सदराच्या वाचकांना नवे नाही. शेणव्याच्या आरोग्य केंद्रात, डोळखांब-किन्हवलीच्या पाड्यांवर आणि पलीकडे मुरबाडच्या डोंगरपट्टीत जी माहिती जन्मते, तिची प्रत तिच्या उगमाशी ठरते, दिल्लीच्या किंवा मुंबईच्या पडद्यावर ठरत नाही, हे मी मागेही लिहिले आणि पुढेही लिहीत राहणार आहे. या वेळी मला बोलावयाचे आहे ते त्या माहितीच्या कारभारावर जे नेते नेमले जातात त्यांच्या जीवनक्रमाविषयी. कारण मनुष्य ज्या वाटेने वर चढला त्या वाटेची धूळ त्याने घडविलेल्या प्रत्येक साधनावर उमटते, असे माझे ठाम मत झाले आहे.

उदाहरणादाखल राम सेवक शर्मा यांची कारकीर्द घ्यावी. कानपूरच्या आयआयटीत गणित शिकलेला, पुढे कॅलिफोर्नियात संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा सनदी अधिकारी २००९ मध्ये आधार-प्राधिकरणाचा पहिला महासंचालक झाला, २०१५ पासून पाच वर्षे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा अध्यक्ष राहिला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. ओळख-क्रमांक, दूरध्वनी आणि मग आरोग्य, असा हा क्रम आहे. त्यांच्याच कारकिर्दीत कोविन ही लसीकरणाची नोंदप्रणाली देशभर चालली, आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला चौदा अंकी आरोग्य-क्रमांकाची योजना, जिला आज आपण आयुष्मान भारत डिजिटल मिशन म्हणतो, ती देशभर लागू झाली. शर्मांच्या बुद्धिमत्तेविषयी किंवा उद्योगशीलतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जुलै २०२२ च्या मध्यापर्यंत या देशात लसीच्या दोनशे कोटी मात्रा दिल्या गेल्या आणि त्यांची नोंद एकाच प्रणालीत राहिली, हे काम लहान नव्हे.

त्याच्या शेजारी मी डॉ. अभय बंग यांची कारकीर्द मांडतो. वर्ध्याच्या सर्वोदयी वातावरणात वाढलेला आणि नागपुरात वैद्यक शिकलेला हा मनुष्य पत्नी राणीताईंसह बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ मध्ये परतला आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापून तेथेच राहिला. परदेशी जाण्यापूर्वीच रोजगार हमीच्या मजुराला किती उष्मांक लागतात याचा पागे समितीने मांडलेला हिशेब त्यांनी बारकाईने तपासला होता आणि त्यातील उणीव शासनापुढे ठेवली होती. म्हणजे सरकारी आकड्याची रुजवात घेण्याची सवय त्यांना आरंभापासूनच होती. (केवळ विद्यापीठाने माणूस घडतो असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की शर्मांच्या आधी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाची धुरा वाहणारे इंदू भूषण हेही हॉपकिन्सचेच विद्यार्थी, तेथून त्यांची वाट आशियाई विकास बँकेकडे गेली, बंगांची गडचिरोलीकडे.)

या दोन कारकिर्दींतून निघालेली दोन साधने समोरासमोर ठेवली म्हणजे मला काय म्हणावयाचे आहे ते स्पष्ट होईल.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत बालके न्यूमोनियाने मरत होती. रोग ओळखण्याची खूण साधी होती: मिनिटाला श्वास किती चालतात ते मोजावयाचे; दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा त्याहून अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा अधिक, तर न्यूमोनिया समजावा. परंतु बाळाजवळ प्रथम पोचणारी बाई म्हणजे गावची सुईण, आणि तिला बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. अशा वेळी सर्वसामान्य प्रशासन काय करते ते आपण सर्व जाणतो: ते सुईणीला अपात्र ठरविते आणि साक्षर कर्मचाऱ्याची जागा मंजूर होण्याची वाट पाहत बसते, तेवढ्या अवधीत बाळ जाते. बंग दांपत्याने अडचण सुईणीत आहे असे न मानता मोजण्याच्या रीतीत आहे असे मानले. त्यांनी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर सरकणारे मणी एका चौकटीत बसविले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकविण्याची पाळी आली तर औषध सुरू करावयाचे. सुईणीला साठ माहीत असण्याची गरज उरली नाही. दहा पुरे झाले, आणि दहा तिला येत होते. जेथे हे उपचार गावातच होऊ लागले त्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहूनही कमी राहिले, हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले आहे. आरोग्य-माहिती-तंत्रज्ञान या भारदस्त नावास याहून पात्र असे साधन महाराष्ट्रात दुसरे घडल्याचे मला माहीत नाही. त्यात माहिती आहे, तंत्र आहे, आणि निर्णय त्याच क्षणी, त्याच झोपडीत, त्याच बाईच्या हातात आहे.

आता कोविन पाहू. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटास लस खुली झाली तेव्हा तिच्यासाठी मोबाईल, त्यावर येणारा ओटीपी, छायाचित्राचे ओळखपत्र आणि ठराविक क्षणी पडद्यावर बोट ठेवण्याची चपळाई, एवढ्या गोष्टी आवश्यक ठरल्या. प्रणालीची भाषा त्या वेळी इंग्रजी होती, आणि मराठी धरून इतर भाषा तीत आल्या त्या जूनमध्ये. परिणाम काय झाला ते आपण पाहिले आहे. शहरांतील माणसांनी खेड्यांतील केंद्रांवरच्या जागा घरबसल्या राखून ठेवल्या, मोटारी घेऊन ते आले आणि लस टोचून घेऊन परतले. आणि ज्या गावच्या केंद्रात लस आली त्या गावचा कातकरी अंगणाबाहेर उभा राहून हे पाहत राहिला. भातसा-तानसाचे पाणी मुंबईस जाते आणि धरणाकाठचे पाडे टँकरची वाट पाहतात, हे सोसण्याची सवय आमच्या शहापूर तालुक्यास आहे. परंतु लस ही काही उताराने वाहत जाणारी वस्तू नव्हती, तिला वाट कोणी तरी आखून दिली होती. ३१ मे २०२१ च्या आदेशात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने याच विषमतेवर बोट ठेवले. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा देण्यास आरंभ झाला होता, आणि जूनमध्ये ती सर्वांसाठी मोकळी झाली. सुधारणा झाली, हे मान्य. परंतु साधन घडविताना ज्याच्या डोळ्यांपुढे बाराच्या पुढे न मोजणारी बाई उभी असते त्याला ही सुधारणा नंतर करावी लागत नाही.

शर्मांनी हे जाणूनबुजून केले असे कोणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. ज्याचे आयुष्य ओळख-क्रमांक आणि दूरध्वनी यांच्या कारभारात गेले त्याला प्रत्येक नागरिक हा क्रमांक असलेला आणि दूरध्वनी धरलेला दिसावा, हे स्वाभाविक आहे. माझा आक्षेप नेमणूक करणाऱ्यांच्या कसोटीवर आहे. असे म्हटले जाईल की मण्यांची चौकट काही डझन गावांत चालते आणि देश चालवावयाचा तर कोविनच हवे. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. परंतु तो करणाऱ्यांनी पुढची हकीकत पाहावी. १९९० च्या दशकात ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबविली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, आणि डिसेंबर १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ पासून तीच पद्धत केंद्र शासनाने आशा सेविकांच्या कामात घातली. शेणव्याच्या परिसरात आज आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते, ते गडचिरोलीचेच काम आहे. लहान जागी नीट उभी राहिलेली पद्धत देशभर पसरू शकते, याचा हा पुरावा आमच्या पाड्यापाड्यावर चालत फिरतो.

येथे माझा आवडता विषय मध्ये येतो, तो मी टाळणार नाही: मृत्यूची नोंद. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पूर्वी पोलीस पाटलाच्या दप्तरी ही नोंद असे, आता ती ग्रामपंचायतीकडे आहे. आणि दोन्ही काळांत नाव ठेवण्यापूर्वी गेलेले मूल दप्तराबाहेरच राहिले. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतील मुले कुपोषणाने गेली तेव्हा ती प्रथम वर्तमानपत्रांना दिसली. महाराष्ट्रातील १३ संस्थांनी मिळून २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि बालमृत्यूंचा मोठा हिस्सा शासकीय नोंदीत येतच नाही हे दाखवून दिले, तेव्हा शासनास बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमणे भाग पडले. हे बंगांना दिसले ते अधिक वेगवान यंत्रामुळे नव्हे. ‘सर्च’च्या गावांत जन्ममृत्यूची नोंद एक मनुष्य करी आणि सहा महिन्यांनी दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला मनुष्य घरोघर जाऊन तिची रुजवात घेई; एवढेच ते रहस्य. आज आपण नोंदीसाठी नवनवी ॲपे काढतो, एकाच गरोदर बाईचे नाव तीन ठिकाणी भरवून घेतो, परंतु सहा महिन्यांनी उंबऱ्यावर जाऊन पडताळा घेणारा दुसरा मनुष्य कोणत्याही ॲपात नाही, आणि कोणत्याही पदाच्या अर्हतेत त्याचे नाव नाही. उद्या या देशाचे सर्व आरोग्य-अभिलेख एका कळीवर आले तरी पडताळ्याशिवाय ते फार तर नीट लावून ठेवलेले अज्ञान ठरेल, असे मला अगदी मनापासून वाटते.

जामखेडचे उदाहरणही याच दिशेचे आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले आणि निरक्षर, बहुधा दलित, पुष्कळदा नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना ग्राम-आरोग्य-सेविका केले. २००५ मध्ये आशा योजना आली तिच्या पूर्वजांत जामखेडच्या या बायांची गणना होते. परंतु कल्पना घेताना शासनाने त्यातील मान घेतला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी पोषण ट्रॅकरचे इंग्रजी ॲप आणि निकृष्ट मोबाईल यांना कंटाळून ते मोबाईल शासनास परत केले. २०२३ च्या ऑक्टोबरात आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या तेव्हा ऑनलाईन कामाची सक्ती नको हीही त्यांची मागणी होती. त्या वेळी अनेकांनी त्यांना तंत्रज्ञानाच्या शत्रू ठरविले. वस्तुतः त्या बाया माहितीच्या धंद्यातील सर्वांत अनुभवी माणसे होत्या आणि आपले हत्यार बोथट आहे एवढेच सांगत होत्या. ज्यांच्या बोटांखालून सर्व माहिती जाते त्यांना त्या माहितीच्या कारभारात एक पायरीही वर चढता येत नाही. गटप्रवर्तक म्हणून नेमलेली स्त्री, पदवीधर असूनही, पुष्कळदा गटप्रवर्तक म्हणूनच थकते.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. आरोग्याच्या माहितीचा जो कोणी प्रमुख होऊ इच्छितो त्याने दोन वर्षे एखाद्या आदिवासी तालुक्यातील केंद्रात, नोंदवहीसमवेत आणि एका पावसाळ्यासह, काढलेली असावीत. आणि गटप्रवर्तकांतून, आरोग्यसेविकांतून परीक्षा घेऊन तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरील माहिती-अधिकारी नेमण्याची शिडी शासनाने सेवानियमांत घालावी. पुण्याच्या सी-डॅकमधील आरोग्य-अभिलेखांच्या मानकांचे केंद्र असो की मुंबईचे आयुक्तालय असो, तेथील मेजाभोवती अशी दोन माणसे बसली तर ती विचारतील ते प्रश्न इतरांना सुचणार नाहीत.

त्यांतला पहिला प्रश्न आमच्याच तालुक्याचा असेल. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. गर्भवतीची नोंद शेणव्यास राहते, बाळंतपण भट्टीवर होते, आणि बेचाळिसाव्या दिवसाची भेट कोणाच्याच खात्यावर पडत नाही. महिला व बालविकास खात्याने स्थलांतरितांसाठी वेगळी प्रणाली काढली आहे, ती स्तुत्य आहे, आणि येथे संगणक खरोखर जीव वाचवू शकतो, कारण कागदी वही भट्टीपर्यंत चालत जात नाही. परंतु भट्टीवरच्या आशेला त्या बाईचे नाव कोणत्या दिवशी, कोणाकडून, कोणत्या भाषेत कळावे, आणि कळल्यावर ती खरोखर तेथे गेली की नाही याची रुजवात कोणी घ्यावी, हे ठरविणारा अधिकारी भट्टीवर जाऊन आलेला असला पाहिजे. भाताची कापणी आता फार दूर नाही. शहापूर आणि भिवंडी या दोन तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यापूर्वी आपापल्या याद्या एका मेजावर आणून गरोदर बायांची नावे एकमेकांशी ताडून घ्यावीत, आणि त्या बैठकीस दोन्हीकडच्या गटप्रवर्तकांना खुर्ची द्यावी.

शेणवा, तालुका शहापूर