यंदा पडदे कोणते?

स्नेहसंमेलनाच्या तयारीची सभा दरवर्षी याच प्रश्नाने सुरू होते. यंदा मुले संगीत नाटक बसवीत आहेत, म्हणून जर्मनीतील बायरॉइट या गावाचे एक उदाहरण पालक आणि विश्वस्तांपुढे ठेवावेसे वाटते.

संगीतकार रिचर्ड वाग्नर यांनी तेथे आपल्या ऑपेरांसाठी खास नाट्यगृह उभारले. ते १८७६ मध्ये सुरू झाले. १८८२ मध्ये तेथे त्यांचा ‘पार्सिफाल’ आला. त्यातील देवालयाचे नेपथ्य इटलीतील सिएनाच्या कॅथीड्रलवरून घेतले होते. हे नेपथ्य लोकांना इतके प्रिय झाले की ते १९३३ पर्यंत टिकले. ते बदलू नये म्हणून अनेकांनी सह्यांचे निवेदनही दिले.

अडॉल्फ आपिया या स्विस रंगकर्मीचे म्हणणे मात्र वेगळे होते. पडदा सपाट असतो, गाणारा माणूस हाडामांसाचा. दोघांचा मेळ बसत नाही. त्याला पायऱ्या द्या, चौथरे द्या, बाकीचे काम प्रकाशावर सोपवा. वाग्नर यांच्या पत्नी कोझिमा यांनी हे विचार नाकारले. पुढे १९५१ मध्ये नातू वीलांट यांनी तोच ‘पार्सिफाल’ जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर सादर केला. एक गोल चौथरा, अंधार आणि प्रकाश, एवढेच. पुष्कळजण रागावले. पण ते सादरीकरण १९७३ पर्यंत चालू राहिले.

रंगवलेल्या पडद्यांची हौस आपल्या संगीत रंगभूमीलाही होती आणि त्यात गैर काही नाही. मुलांनी स्वतः रंगवलेला एक पडदा जरूर असावा. पण भाड्याने आणलेल्या चकचकीत पडद्यापुढे पाचवीतला मुलगा गातो, तेव्हा आपण पडदा पाहतो. मुलगा दिसतच नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की यंदा सुताराकडून दोन भक्कम चौथरे आणि चार पायऱ्या करून घ्याव्यात व चांगले दिवे लावावेत. भाडे दरवर्षी जाते, चौथरे शाळेत राहतील.

मात्र रिकामा रंगमंच म्हणजे कमी मेहनत नव्हे. तेथे लपायला जागा नसते. सूर, शब्द आणि उभे राहणे, तिन्ही पक्के लागते. म्हणजे तालमी वाढवाव्या लागतील. पडद्यांवर जाणारा वेळ तालमींना मिळाला, तर मुलांचे मराठी आणि मुलांचे गाणे, दोन्ही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल. स्नेहसंमेलन त्यासाठीच तर असते.